गप्पांची नोंद कोण ठेवतं?

मराठीत गप्पा कुणी 'करत' नाही, त्या 'मारतात'. झोडतात, हाणतात, ठोकतात, छाटतात. इतक्या निरुपद्रवी गोष्टीसाठी एवढी मारहाण कशाला, असा प्रश्न पडू शकतो. त्याचं मूळ बहुधा फारसीत आहे. फारसीत गप्पा मारण्याला 'गप ज़दन' म्हणतात आणि 'ज़दन' म्हणजे मारणं. शब्द आपल्याकडे आला तो आपलं क्रियापदही सोबत घेऊन आलेला दिसतो. पुढे साहेबालाही हा शब्द आवडला. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'गप' हजर आहे. मराठीत त्याच्या शेजारी दुसरा एक शब्द बसलेला आहे, 'गप्प'. एक काना दिला की माणूस बोलायला लागतो आणि काढला की तोंड मिटतो. आणि क्रिया दोन्हीकडे एकच : गप्प बसणं आणि गप्पा मारत बसणं. दोन्हींसाठी आधी बसायला जागा लागते.

ही जागा कुणाला मिळाली, किती वेळ मिळाली आणि कोणासोबत मिळाली, हा या लेखाचा विषय आहे. वरवर पाहता यात इतिहास तो काय? 'काय, जेवण झालं का?', 'पाऊस धरलाय', 'धाकटा काय म्हणतो?' अशा वाक्यांना तारीख-वार नसतो. आपल्या भाषेने तर अशा बोलण्याची पुरेपूर नालस्ती करून ठेवली आहे. चकाट्या पिटणं, चकाट्या पिटणारे रिकामटेकडे, वायफळ बडबड, पारावरच्या गप्पा. आणि बोलणाऱ्या बायका असतील तर कुचाळक्या, चहाड्या आणि भोचकपणा. कामाचं बोलणं तेवढं खरं, बाकीचं तोंडाची वाफ, असा एकूण हिशोब.

हा हिशोब चुकीचा असावा, असं अभ्यासकांना वाटू लागून शंभर वर्षं झाली. ब्रॉनिस्लाव मालिनोवस्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला. तिथल्या लोकांची भाषा शिकताना त्याच्या लक्षात आलं, की संध्याकाळी शेकोटीभोवती बसून माणसं जे बोलतात त्यातल्या बऱ्याचशा बोलण्यात माहिती अशी काहीच नसते. हवा कशी आहे हे सगळ्यांनाच दिसत असतं. कुठून आलास हेही माहीत असतं. तरी विचारलं जातं, आणि उत्तरही दिलं जातं. १९२३ साली ऑग्डेन आणि रिचर्ड्स यांच्या 'द मीनिंग ऑफ मीनिंग' या ग्रंथाला जोडलेल्या निबंधात त्याने या बोलण्याला वेगळं नाव दिलं. त्याचं म्हणणं असं, की हे शब्द अर्थ पोचवण्यासाठी नसतातच. ते माणसांना एकमेकांशी बांधण्यासाठी असतात. शेजारी येऊन बसलेला अनोळखी माणूस काहीच बोलत नसेल तर आपल्याला बरं वाटत नाही. त्याने 'उकडतंय फार' एवढं म्हटलं की जीव भांड्यात पडतो. उकाड्याची बातमी आपल्याला नको असते. हा माणूस आपल्याला दगा देणार नाही, एवढं हवं असतं. पुढे रॉबिन डनबार या मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या रोजच्या संभाषणांची मोजदाद केली, तेव्हा त्यातला साधारण दोन तृतीयांश वेळ माणसांबद्दलच्या बोलण्यात जातो, असं आढळलं. कोण कुणाशी कसं वागलं, कुणाचं काय चाललंय, वगैरे. आणि या बाबतीत बायका आणि पुरुष यांच्यात फारसा फरक नव्हता. कुचाळक्या हा शब्द फक्त बायकांच्या नावे का लावला गेला, याचं उत्तर त्या मोजदादीत नाही. ते इतिहासात शोधावं लागतं.

इतिहासात शोधताना मात्र एक अडचण येते. गप्पा लिहून ठेवत नाहीत. दानपत्रं लिहिली जातात, तह लिहिले जातात, कर्जाची खतं तर नक्कीच लिहिली जातात. 'बस की जरा, चहा टाकते' हे कुणी लिहीत नाही. गप्पा कागदावर येतात त्या बहुतेक वेळा कुणीतरी त्यांच्यावर हरकत घेतल्यावरच. म्हणून गप्पांचा इतिहास गप्पा मारणाऱ्यांपेक्षा त्या बंद पाडणाऱ्यांच्या दप्तरात जास्त सापडतो.

१८९० : एक सुट्टी आणि एक चहा

मराठी मुलखात १८९० या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. त्या एकमेकींशेजारी ठेवून फारशा कुणी पाहिलेल्या नाहीत.

पहिली मुंबईतली. गिरण्यांमध्ये कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत आणि ठरलेली साप्ताहिक सुट्टी नसे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून या प्रश्नावर कामगारांना संघटित केलं. २४ एप्रिल १८९० रोजी रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण या सुट्टीकडे विश्रांतीचा हक्क म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण आठवड्यातला एक दिवस मोकळा मिळणं म्हणजे आणखीही काही मिळणं होतं. गाववाल्यांना भेटायला जाणं, पत्र लिहून घेणं, कुणाच्या तरी खोलीबाहेर मांडी घालून काहीही न करता बसणं. रिकामटेकडेपणा ही शिवी ज्याला रिकामा वेळ मिळतो त्यालाच लागू पडते. गिरणी कामगाराला ती लागू पडण्यासाठी आधी लढा द्यावा लागला.

दुसरी गोष्ट पुण्यातली, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातली. पंचहौद मिशनच्या मिशनऱ्यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना व्याख्यानाच्या निमित्ताने बोलावलं. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, आणखी चाळीसेक मंडळी होती. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी पेला नुसता ओठाला लावला, कुणी हातही लावला नाही. शिष्टाचार पाळून, दोन इकडच्या-तिकडच्या गोष्टी बोलून मंडळी घरी गेली. प्रकरण तिथेच संपायचं. पण गोपाळराव जोशी (डॉक्टर आनंदीबाईंचे पती, आणि समाजाची फजिती करण्यात हातखंडा असलेले गृहस्थ) यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या पत्रात छापून आणली. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! सनातन्यांनी शंकराचार्यांकडे तक्रार केली, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, वाद दोन वर्षं चालला. प्रायश्चित्त न घेणाऱ्यांवर बहिष्काराचं संकट आलं. घरच्या कार्याला भटजी मिळेनासे झाले. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यावर सुधारकांनीच टीकेची झोड उठवली.

रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी' या पुस्तकात हा प्रसंग सांगितला आहे. त्यातून दिसतं ते असं : रानड्यांना स्वतःसाठी प्रायश्चित्ताची गरज वाटत नव्हती. पण त्यांच्यामुळे अडकून पडलेल्या मित्रांची घरं बहिष्काराने हैराण झाली होती, आणि त्यांची सुटका व्हावी म्हणून त्यांनी मान तुकवली. तत्त्वापेक्षा मैत्री मोठी मानली, असं कौतुकाने म्हणता येईल. तत्त्व सोडलं, असं रागाने म्हणता येईल. त्या काळी दोन्ही म्हटलं गेलं. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच, की या प्रकरणात व्याख्यानावर कुणाचा आक्षेप नव्हता. मिशनऱ्याचं भाषण ऐकायला जाणं चालत होतं, त्याच्याशी वाद घालणंही चालत होतं. आक्षेप होता तो त्यानंतरच्या पाच मिनिटांवर, जेव्हा माणसं विषय सोडून नुसती माणसं म्हणून एकत्र बसली आणि एका किटलीतला चहा प्यायली. जातीची भिंत कुठून फुटू शकते, हे सनातन्यांना सुधारकांपेक्षा नेमकं कळलं होतं.

पाणवठा आणि जातं

गावातल्या बायकांना पार नव्हता आणि चावडीही नव्हती. पारावर बसलेली बाई ही कल्पनाच त्या काळी कुणी केली नसती. त्यांना होता तो पाणवठा. हंडा भरेपर्यंतचा वेळ, आणि दोरी दुसरीच्या हातात असेल तर आणखी थोडा. सासरच्या नजरेआडचा दिवसातला बहुधा एवढाच काळ. कुणाची लेक आली, कुणाला दिवस गेले, कुणी कुणाला मारलं, हे सगळं तिथे सांगितलं जाई.

ही जागा सगळ्या बायकांची नव्हती. अस्पृश्य ठरवलेल्या बाईला पाणवठ्याला हात लावता येत नसे. तिने लांब उभं राहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या 'वरच्या' बाईची विनवणी करायची आणि तिने वरून ओतलं तर पाणी घ्यायचं. तहानेचा प्रश्न तर होताच. पण त्या गोतावळ्यात तिचं बोलणं फक्त याचनेचं होतं, हेही त्यात आलं. पाऊस कधी पडेल यावर तिचं मत कुणी विचारत नव्हतं.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास आपल्याला पाठ आहे. १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं सर्वांना खुलं केलं, पण प्रत्यक्षात पाणी कुणी भरू देत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो सत्याग्रहींसह त्या तळ्याचं पाणी प्राशन केलं. आपल्या विषयाशी जोडलेला भाग त्यानंतरचा आहे. सत्याग्रही आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत, अशी आवई गावात उठली. ती खोटी होती. पण तेवढ्यावर जमाव लाठ्या घेऊन बाहेर पडला आणि परतणाऱ्या, जेवत बसलेल्या माणसांवर तुटून पडला. मग दही, दूध, गोमूत्र, शेण यांच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १७ मार्च १९३७ उजाडलं. गप्पांबद्दल गहिवरून लिहिताना हा दिवस विसरता येत नाही. एकमेकांना बांधणारं जे बोलणं, तेच बाहेरच्याला मारायलाही एकत्र करतं. आवई ही गप्पेचीच सख्खी बहीण आहे. तीही त्याच ओट्यावरून, त्याच आवाजात, 'अगं, ऐकलंस का?' अशीच सुरू होते.

बायकांची दुसरी जागा जात्याची. पहाटे, अंधारात, घर झोपलेलं असताना दोघी समोरासमोर बसून खुंटा ओढतात. जावा असतील, नणंद-भावजय असतील, शेजारणी असतील. दिवसा ज्यांनी एकमेकींशी चार शब्द मोकळेपणी बोलू नयेत अशी घराची रीत, त्या इथे ओवीतून बोलतात. मायबापाला, भावाला, सखीला, सीतेला, विठोबाला, आणि कुणीच नसेल तर खुद्द जात्याला. ओवी म्हणजे गप्पा नव्हेत, ते गाणं आहे, हे खरं. पण त्यातला मजकूर पाहिला तर तो शेजारणीशी बोलायचाच मजकूर आहे : सासूचं बोलणं, भावाची वाट, लेकीची काळजी, नवऱ्याची तऱ्हा. छंदात बसवल्यामुळे तो टिकला. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून, तीन हजारांहून अधिक बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात वाचायला आणि ऐकायला मिळतात. त्यांत दलित बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. ज्या बाईला पाणवठ्यावर बोलायला जागा नव्हती, तिने आपल्या जात्यावर आपलं जग मांडून ठेवलं.

बंद पाडणाऱ्यांच्या दप्तरावाचून मिळालेली गप्पांची ही एक मोठी नोंद. पण तीही वेळेत झाली म्हणून. गावोगावी विजेच्या पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. याबद्दल हळहळण्याचा हक्क ज्यांनी दळलं नाही त्यांना फारसा नाही. पहाटे उठून पायलीभर दळणं हे कष्टाचं काम होतं आणि बायकांनी गिरणीचं स्वागतच केलं. डबा घेऊन रांगेत थांबताना नव्या गप्पा सुरू झाल्या. फक्त गिरणीच्या आवाजात त्या ओरडून माराव्या लागत, आणि त्यांची ओवी होत नसे.

संगमरवरी टेबल, लाकडी कठडा

शहरात दोन नव्या जागा तयार झाल्या. एक इराण्याचं हॉटेल आणि दुसरी चाळीची गॅलरी.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इराणातल्या यझ्द आणि केरमान भागातून झरतुष्ट्री स्थलांतरित मुंबईत आले आणि त्यांनी नाक्या-नाक्यावर चहाची दुकानं काढली. धोबीतलावचं कयानी १९०४ सालचं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ सालचं. वर गोल संगमरवर बसवलेली टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर मालक. पंचहौदच्या चहावरून पुणं दोन वर्षं पेटलं होतं. तिथून जेमतेम दोन-तीन दशकांत मुंबईत कुणीही कुणाच्याही शेजारी बसून इराण्याचा चहा पिऊ लागलं. शेजारच्या खुर्चीवरच्याला जात विचारायची सोय तिथे नव्हती. कुणी ठराव केला नाही, कुणी प्रायश्चित्त घेतलं नाही. ब्रून मस्क्याने हे काम गुपचूप केलं.

इराण्यांच्या पाट्या प्रसिद्ध आहेत. फार वेळ बसू नये, भांडू नये, केस विंचरू नयेत, जुगारावर चर्चा करू नये, अशा सूचनांची लांबलचक यादी भिंतीवर लटकलेली असे. निस्सीम इझिकेल यांनी अशाच पाटीवरून इंग्रजीत कविता केली. पाटी हा इतिहासाचा पक्का पुरावा असतो, फक्त तो उलटा वाचायचा. 'फार वेळ बसू नये' असं लिहावं लागलं, याचा अर्थ माणसं एका सिंगल चहावर तासन्‌तास बसत होती. नाटकवाले, कामगार पुढारी, कवी, बेकार तरुण आणि घरी जायला नको असलेले संसारी पुरुष. हो, पुरुषच. 'फॅमिली रूम'चा पडदा बाजूला सारून बाहेरच्या टेबलावर एकटीने चहा पीत बसणारी बाई त्या काळात विरळाच.

बायकांसाठी आणि मुलांसाठी होती ती चाळीची गॅलरी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. खोली साधारण १६० चौरस फुटांची. अशा खोलीत सात-आठ माणसं राहिली की संसार आपोआप दाराबाहेर वाहतो. तांदूळ निवडणं, केस विंचरणं, अभ्यास, भांडण, समेट सगळं गॅलरीत. गिरणगावातल्या गाळ्यांत तर पाळीपाळीने झोपणारे पुरुष राहत. त्यांचे डबे चालवणाऱ्या खानावळवाल्या बायकांच्या दारात अख्ख्या गावाच्या खबरा जमत. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' या मौखिक इतिहासाच्या ग्रंथात हे जग त्या माणसांच्याच तोंडून ऐकायला मिळतं. संप, सभा, वर्गण्या, भजनी मंडळं, क्रीडामंडळं यांची सुरुवात कुठल्या कार्यालयात झाली नव्हती. ती जिन्यात, नळावर, कठड्यावर कोपरं टेकून झाली.

चाळ आठवून डोळे ओले करण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. पण गॅलरीतल्या गप्पांना एक पहारेकरीही होता, आणि तोही त्या गप्पाच होता. कोणाची मुलगी किती वाजता घरी आली, कोणाकडे कोण पाहुणा उतरला, कोणत्या सुनेला अजून मूल नाही, याची चौकशी त्याच मायेने होई ज्या मायेने आजारपणात पेज येई. दोन्ही एकाच ताटलीतून आलं. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फुटांचं घर, आणि घरात स्वतःचं संडास-न्हाणीघर मिळणार, तेव्हा लोक त्याला 'हो' म्हणाले. दार बंद करता येणं हेही सुख आहे, आणि ते ज्यांना कधीच मिळालं नव्हतं त्यांनी ते मागितलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर गिरणगावच विरत गेलं. गॅलरी राहिली असती तरी तिथे बोलायला शिफ्टवरून परतणारी ती माणसं नव्हती.

राजाची हरकत

आता थोडं लांब जाऊ. लंडनमध्ये १६५२ साली पहिलं कॉफी हाऊस निघालं आणि वीस-पंचवीस वर्षांत शहरभर कॉफी हाऊसं झाली. पेनीभर खर्चात कुणीही पुरुष आत जाऊन बसू शके. २९ डिसेंबर १६७५ रोजी राजा दुसरा चार्ल्स याने ही सगळी कॉफी हाऊसं १० जानेवारीपासून बंद करण्याचा हुकूम काढला. कारण : रिकामटेकडे लोक तिथे बसून सरकारची बदनामी करणाऱ्या अफवा पसरवतात. त्यावर एवढा गदारोळ झाला की ८ जानेवारीला, म्हणजे अंमलाच्या दोन दिवस आधी, राजाला हुकूम मागे घ्यावा लागला.

तीनशे वर्षांनी दिल्लीत आणीबाणी होती. कॅनॉट प्लेसमधलं इंडियन कॉफी हाऊस पत्रकार, कार्यकर्ते, प्राध्यापक, कारकून यांचा अड्डा होता. आणीबाणीच्या काळात ते पाडलं गेलं आणि त्या जागी पुढे पालिका बाजार उभा राहिला. चार्ल्सला माघार घ्यावी लागली होती. इथे बुलडोझर चालला आणि विषय संपला.

सत्तेला भाषणांची भीती वाटते हे समजण्यासारखं आहे. भाषणात मुद्दा असतो. पण 'साखर पुन्हा महाग झाली' या कुरकुरीची भीती का वाटावी? मला वाटतं, चार्ल्सला मालिनोवस्कीच्या अडीचशे वर्षं आधी तीच गोष्ट उमगली होती. साखरेच्या भावाची माहिती देणं हा त्या वाक्याचा उद्देश नसतोच. ते ऐकून शेजारचा मान डोलावतो, आणि त्या डोलावण्यात दोघांची गाठ पडते. उद्या वेळ आली तर ही माणसं एकमेकांना ओळखत असतील. एकेकटी गप्प बसलेली प्रजा सांभाळायला सोपी असते. एकत्र बसलेली प्रजा, ती क्रिकेटवर बोलत असली तरी, थोडी अवघड जाते.

आता नोंद आहे

आज पार ओस पडले, कट्टे राहिले नाहीत, असं म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धंच खरं आहे. शिवाजी पार्कचा कट्टा संध्याकाळी अजूनही भरतो. आणि त्यावर आता मुलीही पाय हलवत बसतात, हे त्या कट्ट्याने पूर्वी पाहिलं नव्हतं. पण गप्पांचा मोठा भाग हातातल्या फोनवर गेला, हेही उघड आहे. शाळेतल्या मित्रांचा गट, सोसायटीचा गट, मावश्या-आत्यांचा गट. सकाळी फुलांचं चित्र, दुपारी 'जेवलात का', रात्री 'शुभ रात्री'. या फुलांची चेष्टा करणं सोपं आहे. ट्रोब्रियंडच्या शेकोटीवर बसलेल्याला मात्र ती लगेच समजली असती. सांगलीची आजी न्यू जर्सीच्या नातीला रोज गुलाबाचं चित्र पाठवते, त्यातून ती कळवते एवढंच, की आज मी उठले आहे. एखाद्या सकाळी गुलाब आला नाही तर फोन होतो.

फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी. आजवर गप्पा हवेत विरून जात होत्या. पाणवठ्यावरचं बोलणं हंड्याबरोबर घरी जाऊन संपे. आता पहिल्यांदाच रोजचं क्षुल्लक बोलणं, तारीख आणि वेळ टाकून, आपोआप लिहिलं जात आहे. इतिहासकाराने हरखून जावं अशी गोष्ट! पण ती वही आपल्या हातात नाही, आणि ती वाचणारा नेहमी इतिहासकार नसतो.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. पालघरच्या एका तरुणीने त्याबद्दल फेसबुकवर दोन-चार वाक्यांत आपलं मत लिहिलं. तिच्या मैत्रिणीने त्याला 'लाइक' केलं. गॅलरीच्या भाषेत सांगायचं तर एकीने कुरकुर केली आणि दुसरीने मान डोलावली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. या आणि अशा अटकांमुळे श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ घटनाबाह्य ठरलं. मान डोलावणं हा गुन्हा आहे की नाही, हे ठरवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. दुसऱ्या बाजूला, महाडला धावलेली आवई आता एका बोटाने हजार ठिकाणी जाते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या जमातीतल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते पाचही जण गावाबाहेरचे होते, ओळखीचं त्यांचं तिथे कुणी नव्हतं. त्यांच्याशी गावातल्या कुणी आधी पाच मिनिटं बसून बोललं असतं, कुठले, कुठे निघालात, पाणी घ्या, एवढंच, तर काय झालं असतं हे सांगता येत नाही. पण या बिनमहत्त्वाच्या प्रश्नांची किंमत काय असू शकते, याचा अंदाज तिथे येतो.

१८९० साली पुण्याच्या मंडळींना एक पेला चहा दोन वर्षं पुरला आणि मुंबईच्या कामगारांना एक रविवार मिळवायला सहा वर्षं लागली. दोन्हींच्या तपशीलवार नोंदी आहेत, कारण दोन्हींवर कुणाची तरी हरकत होती. त्या पहिल्या रविवारी, जून महिन्यात, परळच्या एखाद्या चाळीच्या ओट्यावर कामगार काय बोलले असतील, याची मात्र नोंद नाही. पाऊस आला की नाही, गावी पेरण्या झाल्या की नाही, याबद्दलच बोलले असतील. त्यासाठीच तर तो मिळवला होता.